दुसरी विरोधक

उप्साला, २९ एप्रिल १९५९

प्रिय मायकेन,

ठोकला! आज दुपारी माझा छापील प्रबंध रीतीप्रमाणे विद्यापीठाच्या फळ्यावर ठोकला. पहिला खिळा वाकला, दुसरा अंगठ्यात जाता जाता राहिला. शिपाई म्हणाला, "बाई, हातोडी द्या इकडे." मी म्हटलं, "सहा वर्षं मी राबले, खिळाही मीच मारणार." तिसरा बसला. आता तो तिथे साऱ्या गावासमोर लटकतोय, आणि २३ मेला सकाळी दहाला वादसभेत मला त्याच्या बाजूने उभं राहायचंय.

एक प्रत तुला पाठवतेय, कारण तुझ्याकडे काम आहे. सभेत प्रश्न विचारणाऱ्या तीन विरोधकांपैकी पहिला विभागाने नेमलाय, स्टॉकहोमचे डॉसेंट वेस्टरलुंड. तिसरा नेहमीप्रमाणे लोकांना हसवायला. ते माझा चुलतभाऊ टोर्स्टेन करेल, नाहीतरी त्याला दुसरं काही येत नाही. दुसरा विरोधक मात्र माझ्या पसंतीचा असतो आणि ती तू व्हायचंस. वेस्टरलुंडांचा मारा झेलून झाल्यावर तुझा चेहरा समोर दिसला की जिवात जीव येईल. दोन-तीन सभ्य प्रश्न विचार, 'उत्तराने समाधान झालं' म्हण आणि खाली बस.

आपण शेजारच्या टेबलांवर होतो तेव्हाचंच काम आहे हे, तू लुंडला गेल्यावर फक्त वाढत गेलं. यीस्टच्या पेशीत साखर जाळायला मदत करणारं ते एन्झाइम नेमकं राहतं कुठे? पेशीतल्या रसात मोकळं, की रसात तरंगणाऱ्या बारीक दाण्यांना धरून? बंद पेशीला कितीही विचारा, ती काही सांगत नाही. फोडावीच लागते. आणि यीस्टचं कवच किती चिवट ते तुला ठाऊक आहेच. मी आपल्या त्या जुन्या हलवायच्या यंत्रात, खडखड्यात, यीस्ट आणि काचेचे मणी घालून हलवते, तीन मिनिटांत कवचाच्या ठिकऱ्या. मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवलं की जड दाणे तळाला बसतात आणि वर राहते निवळ. एन्झाइम दरवेळी निवळीत सापडलं. म्हणजे ते मोकळं असतं. हा माझा तिसरा अध्याय. खरं सांगू? बाकीचे अध्याय त्याची आरास आहेत.

येशील ना?

तुझी,
डाग्नी

---

लुंड, ३ मे

प्रिय हातोडीवाल्या बाई,

येईन, येईन. काळा पोशाख बहिणीचा उसना घेतलाय. तो कमरेला घट्ट होतो, त्यामुळे फार वेळ उभी राहून विरोध करणं मला जमायचं नाही. तू निर्धास्त राहा.

तुझ्या खडखड्याच्या नुसत्या नावाने कानठळ्या बसल्या. तो सुरू झाला की वरच्या मजल्यावरचे वनस्पतीवाले काठीने जमीन ठोकायचे, आठवतं? आम्ही इथे दुसऱ्या टोकाला जाऊन बसलोय. जोरजबरदस्ती बंद. बागेतल्या मोठ्या गोगलगायी आणायच्या, थोडे दिवस उपाशी ठेवायच्या आणि मग त्यांच्या पोटातला तपकिरी रस काढायचा. ज्या पोटात झाडाचा पाला जिरतो, तिथे यीस्टच्या कवचाचं काय? विरघळून जातं. आत उरते ती नुसती पातळ पिशवी. साखरेच्या दाट पाण्यात ती शाबूत राहते. तेच पाणी पातळ केलं की आत पाणी शिरतं, ती फुगते आणि आपली आपणच फुटते. आतले दाणे धडधाकट बाहेर येतात. सुरुवातीला मला शिसारी यायची, आता डबा उघडल्यावर मी त्यांच्याशी गप्पा मारते.

तुझं पुस्तक वाचतेय. छान लिहिलंयस, म्हणजे तुझ्यासारखंच, समोरच्याला बोलूच न देता. एक गंमत सुचलीय. तुझं एन्झाइम मी माझ्या पद्धतीने शोधते. वादसभेत सांगेन, "उप्सालात हातोडी, लुंडात गोगलगाय, उत्तर मात्र एकच." वेस्टरलुंडसुद्धा हसतील.

तुझ्या आईला, सिग्ने काकूंना, नमस्कार सांग.

मायकेन

---

उप्साला, ६ मे

प्रिय गोगलगायवाली,

कर, जरूर कर. मला ते जेवणाच्या वेळच्या भाषणातच घालायला मिळेल.

इथे लगीनघाई चाललीय. आईने वादसभेसाठी नवी टोपी घेतली आणि रात्रीच्या जेवणासाठी सॅलमन सांगून ठेवलाय. बसण्याची जागा तीनदा बदलली. तुला वेस्टरलुंडांच्या शेजारी बसवलंय, तक्रार नको. ते गृहस्थ म्हणे प्रबंधातले स्वल्पविराम मोजतात. मोजू देत.

काल प्रोफेसर रोसेनहाने स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "तिसऱ्या अध्यायावर वरचा दर्जा मिळायला हरकत नाही. मग शरदापासून इथल्या अध्यापकाची, डॉसेंटची जागा तुमची." ते गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. मायकेन, तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. वरचा दर्जा म्हणजे इथे पाय रोवायला जागा, माझी स्वतःची प्रयोगशाळा. तो हुकला तर मुलींच्या शाळेत बेडकाची चित्रं काढून दाखवायची, जन्मभर. मधला रस्ताच नाही. मला ती जागा हवी. आजवर कुठल्याच गोष्टीची मला इतकी हाव सुटली नव्हती.

डाग्नी

---

लुंड, १० मे

प्रिय डाग्नी,

हे पत्र मी दोनदा फाडलंय. आता नमनाला घडाभर तेल न घालता सांगते.

तुझं एन्झाइम निवळीत नव्हतं. तळाला दाण्यांसोबत बसलं होतं, जवळजवळ सगळं. मला वाटलं माझीच चूक. नवं यीस्ट घेतलं, नव्या गोगलगायी घेतल्या, पाणीसुद्धा दुसऱ्या बाटलीतलं. पुन्हा तेच.

मला भीती वाटते ती अशी. तुझे काचेचे मणी कवच फोडून थांबत नसतील. आतल्या दाण्यांनाही झोडपत असतील. एन्झाइम दाण्यातून सुटून रसात येत असेल आणि तुला ते मोकळं दिसत असेल. अक्रोड हातोडीने फोडला की गर आणि टरफल एक होतं, तसं काहीतरी.

चुकत असेन मी. देव करो आणि चूक माझीच असो. पण कळल्यावर तुला न सांगता उप्सालाला येऊन तुझा सॅलमन खाणं मला जमलं नसतं.

काय करू, तू सांग. तू म्हणशील ते.

मायकेन

---

उप्साला, १२ मे

मायकेन,

शाब्बास. गोगलगाय अन् पोटात पाय, ही म्हण कोणावरून पडली ते आज कळलं.

तुला मी आधाराला बोलावलं होतं. वेस्टरलुंड राहिला बाजूला, कुऱ्हाडीचा दांडा घरातूनच निघाला. माझी सहा वर्षं आणि तुझे सहा दिवस, तेही किड्याच्या लाळेत बुचकळलेले! तुला बर्फाचं पाणी पुरेसं थंड तरी ठेवता येतं का? पूर्वी येत नव्हतं.

प्रबंध ठोकलाय. तो मला खाली काढता येत नाही. तिथे येऊन यातला एक शब्दही बोलायचा नाही. छपाईच्या चुका भरपूर आहेत, त्यांवर बोल.

डाग्नी

---

लुंड, १४ मे

डाग्नी,

नाही बोलणार. वचन देते. छपाईच्या चुका मी काढून ठेवल्यात.

आजच्या गाडीने थर्मास पाठवतेय, बर्फात गुंडाळून. गार्ड ओळखीचा आहे. आत रस आहे, आणि वापरायचा कसा ते चिठ्ठीत लिहिलंय. फेकून द्यायचा तर फेकून दे. तुझ्याकडे हात आहेत, तुझं यीस्ट आहे, माझ्या शब्दावर कशाला विसंबतेस?

बर्फाच्या पाण्याबद्दल म्हणालीस ते खरं आहे. पूर्वी नव्हतं येत. तूच शिकवलंस.

मायकेन

---

उप्साला, १९ मे

प्रिय मायकेन,

थर्मास घेऊन बेसिनपर्यंत गेले होते. झाकणही उघडलं. असला वास! मग स्वतःचाच राग आला. ओतून टाकला असता तर त्याचा अर्थ एकच होता, की मला उत्तर माहीत आहे.

तुझ्या पद्धतीने, माझ्या हातांनी केलं. एन्झाइम तळाला, दाण्यांबरोबर.

तरीही मी हटले नाही. म्हटलं, असेल, गोगलगायीच्या रसाने मोकळं एन्झाइम दाण्यांना चिकटत असेल. मग मला एक सुचलं. तुझ्या पद्धतीने काढलेले ते धडधाकट दाणे, रस धुऊन टाकलेले, मी खडखड्यात घातले. काचेचे मणी घातले. तीन मिनिटं हलवले आणि फिरवले. मायकेन, सगळं एन्झाइम वरच्या निवळीत आलं. तक्ता नऊमध्ये छापलेत जवळपास तेच आकडे. घराची भिंत पाडायला गेले, आतली दुधाची मडकीही फोडली, आणि लिहून मोकळी झाले की या घरात दूध जमिनीवरच ठेवतात.

मी खडखडाट बंद करून उभी होते. वरच्या वनस्पतीवाल्यांनी आज काठी ठोकली नाही. तू गेल्यावर ते दुसरीकडे गेले, ते माझ्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

प्रोफेसरांना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पाइप विझवला आणि म्हणाले, "ठोकलेलं ते ठोकलेलं. वेस्टरलुंड यीस्टवाले नाहीत, त्यांना हे दिसणार नाही. कोणी विचारलं तर उत्तर द्या. नाही विचारलं तर शरदात एक लेख लिहून दुरुस्त करा, तोवर डॉसेंट झालेल्या असाल. झाकली मूठ राहू द्या." वाईट माणूस नाहीत ते. माझी जागा वाचवायला बघतायत. आणि खोटं कशाला बोलू, मला क्षणभर ते पटलंही होतं. क्षणभर कसलं, अख्खी संध्याकाळ.

आता नाही पटत. त्या जागेवर बसून मी पोरांना काय शिकवणार? मणी घाला आणि काय निघेल त्यावर विश्वास ठेवा?

वादसभेत मला फक्त उत्तर देता येतं. स्वतःच्या प्रबंधाविरुद्ध भाषण करायची रीत नाही. प्रश्न यावा लागतो आणि तो तुझ्याकडून यायला हवा. पान ६८, तक्ता ९. 'दाणे फुटलेले नाहीत हे आपण कशावरून ठरवलंत?' इतकंच विचार. माझं उत्तर तयार आहे.

वचनातून तुला मोकळं केलं. बाराव्या तारखेचं पत्र चुलीत घाल.

तुझी,
डाग्नी

---

लुंड, २५ मे

प्रिय डाग्नी,

परवा मी कोणालाही न सांगता संध्याकाळची गाडी पकडली. तुझ्या जेवणाला थांबायला तोंडच उरलं नव्हतं.

माझ्या जागेवरून काय दिसत होतं ते तुला तिथून दिसलं नसेल, म्हणून लिहितेय. वेस्टरलुंड दोन तास बोलले. मी वाट पाहत होते की ते तक्ता नऊवर येतील आणि माझी सुटका होईल. ते आले आणि म्हणाले, "तिसरा अध्याय तर नमुनेदार आहे." सगळ्या सभागृहाने मान डोलावली. प्रोफेसर रोसेनहान्यांनी डोळे मिटून घेतले. मग माझं नाव पुकारलं गेलं. उभी राहिले तर पहिल्या रांगेत सिग्ने काकू, नव्या टोपीत, माझ्याकडे बघून हसतायत. ओठांनी मला म्हणाल्यासुद्धा, "घाबरू नकोस गं."

पान ६८ माझ्या हातात उघडं होतं, तुझा प्रश्न पाठ होता. मनात आलं, एक वाक्य, आणि या पोरीचं सगळं जाईल, ते माझ्या तोंडून जायला नको. वेस्टरलुंडांना दिसलं नाही, कोणालाच दिसलं नाही, राहू दे झाकलेलं. आणि मी काय म्हणाले? पान बारावर एक अक्षर उलटं छापलंय. लोक हसले. टोर्स्टेन मागून ओरडला, "माझं काम हिने केलं!" आणि मी 'उत्तराने समाधान झालं' म्हणून खाली बसले. उत्तर तू अजून दिलंही नव्हतंस.

तेव्हा तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस ती मी विसरणार नाही.

आणि मग तू अध्यक्षांना म्हणालीस, "माझ्या दुसऱ्या विरोधक त्यांचा अवघड प्रश्न घरी विसरल्यात. तो मला माहीत आहे. परवानगी असेल तर मीच विचारते." परवानगी यायच्या आतच तू खडू उचललास. फळ्यावर दोन पेशी काढल्यास, एक माझी, एक तुझी. "माझ्या पद्धतीने पेशीबरोबर आतले दाणेही फुटतात. तिसऱ्या अध्यायाचा निष्कर्ष चुकीचा आहे. बरोबर उत्तर लुंडच्या मायकेन एन्हुल्ट यांना प्रथम दिसलं." वेस्टरलुंड पानं उलटत होते, त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत येत होता.

माझं नाव कशाला घेतलंस? त्याच्या आधीच मी शरमेने अर्धी झाले होते.

मला खरंच वाटलं होतं गं, की मी तुला वाचवतेय.

मायकेन

---

उप्साला, १३ जून

प्रिय मायकेन,

दर्जा काल कळला. उत्तीर्ण, पण खालचा. डॉसेंटची जागा दुसऱ्याला गेली. मी रडले. आईही रडली, पण तिने त्या दिवशी सभागृहात टाळ्या वाजवलेल्या, एकटीने, आणि त्या मागे घ्यायला ती तयार नाही. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी देते आणि दाणे म्हणजे काय ते समजावते. निम्मं चुकीचं सांगते.

तुझी खुर्ची जेवणाला रिकामी राहिली. सॅलमन वेस्टरलुंडांनी दोघांच्या वाटचा खाल्ला. कॉफीच्या वेळी ते ग्लास घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "दोन तास मी तुमच्या प्रबंधावर बोललो आणि मुद्द्याचा प्रश्न मला सुचला नाही. आज मला तुमचा राग आलाय, बाई. उद्यापासून स्वतःचा येईल." मग त्यांनी विचारलं की दाणे धुवायला साखर किती घालता. आम्ही मेणबत्त्या संपेपर्यंत बोलत होतो.

शरदापासून मी मुलींच्या शाळेत शिकवणार. बेडूक, ठरल्याप्रमाणे. प्रोफेसरांनी तळघरातली एक खोली दिलीय, संध्याकाळपुरती. खिडकी नाही, सेंट्रिफ्यूज आहे. तिसरा अध्याय पहिल्यापासून करणार आहे. इथल्या बागेतही गोगलगायी निघतात. परवा डबाभर आणल्या, आईने किंचाळून घर डोक्यावर घेतलं.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या दहा मेच्या पत्राचा राग मला आला होता, तो थर्माससकट गेला. तुझ्या गप्प बसण्याचा अजून गेलेला नाही. जागा गेली ती मी पचवीन. पण मी तुला विचार म्हणून लिहिलं होतं, माझ्या हाताने, पानाच्या आकड्यासकट, आणि तू ठरवलंस की मला ते झेपणार नाही. सगळ्या सभागृहात माझी ताकद माहीत असलेली तू एकटीच होतीस. तूच मला कच्चं अंडं समजलीस. हे पुन्हा करायचं नाही. माझ्यावर प्रेम असेल तर मुळीच करायचं नाही.

पुढच्या वसंतात तुझ्याही प्रबंधाची वादसभा आहे. दुसरी विरोधक मी. दुसऱ्या कोणाला विचारू नकोस, विचारलंस तर तेही मी हाणून पाडीन. गेल्या आठवड्यात तुझ्या प्रोफेसरांना लिहून मी तुझा मसुदा मागवून घेतला. पान एकेचाळीसवर तू लिहिलंयस की रस घातल्यावर यीस्टच्या सगळ्या पेशी उघडतात. सगळ्या? सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बंद राहिलेल्या मोजल्यास का? मी इथे पाहिलं, माझ्या यीस्टमध्ये पाचातली एक बंदच राहते. त्या बंद पेशी जड असतात, त्याही तळाला दाण्यांमध्येच बसतात आणि त्यांच्यातलं सगळं तू दाण्यांच्या नावावर मांडतेस.

अजून छापलेलं नाही. दहा महिने आहेत. मोज. नाही मोजलंस तर सभागृहात पहिला प्रश्न हाच असेल, आणि तुझी आई पहिल्या रांगेत बसलेली असली तरी मी तो विचारीन.

तुझी,
डाग्नी